एका दुकानाचे गिऱ्हाईक

दिवाळीच्या दिवसांत रात्रीच्या गाडीने वसई-विरारकडे यावे आणि खिडकीशी जागा मिळालीच तर बाहेर पाहावे. (विरार गाडीत खिडकीशी जागा मिळणे हा एका स्वतंत्र लेखाचा विषय आहे, तूर्त तो बाजूला ठेवू.) भाईंदरची खाडी ओलांडली की मिठागरांचा काळोखा पट्टा लागतो. तो संपतो न संपतो तोच नायगावपासून थेट विरारपर्यंत दिव्यांची नुसती झुंबड उडालेली दिसते. सात सात मजल्यांच्या सज्ज्यांतून लोंबणाऱ्या माळा, जुन्या वाड्यांच्या केळींमागून डोकावणारे आकाशकंदील, दुकानांच्या पाट्यांवर धावणारे लाल-हिरवे ठिपके. एवढी वीज आली कोठून, असा प्रश्न त्या वेळी कोणाच्या मनात येत नाही, आणि येऊही नये. सणाच्या दिवशी हिशेबाची वही उघडायची ती फक्त पूजेसाठी.

पण सण संपल्यावर कधी संध्याकाळी फिरायला जाल तेव्हा वाटेत एखादे वीज उपकेंद्र लागेल. तारांचे कुंपण, आत पसरलेली खडी, फाटकावर कवटी आणि दोन हाडे, आणि आतून येणारा एकसुरी घूंऽ असा आवाज. तिथे घटकाभर थांबा. सरकारी मराठीत त्या आवाज करणाऱ्या पेटाऱ्याला ‘रोहित्र’ म्हणतात. मराठीचा अध्यापक या नात्याने ह्या शब्दाचा मला अभिमान वाटायला हवा. परंतु खांबावर चढणारा माणूस त्याला ट्रान्सफॉर्मर म्हणतो, आणि गल्लीतल्या लहान रोहित्राला तर सगळा गाव ‘डीपी’ म्हणतो. त्याच्या शेजारी असतात विद्युतप्रवाह तोडणारे ब्रेकर. आणि आतल्या खोलीत कपाटांच्या रांगांत बसवलेले रिले, म्हणजे कुठे काही बिघडले की ब्रेकरला ‘तोड’ म्हणून हुकूम सोडणारे पहारेकरी. मोठ्या दाबाची वीज येथे येते, दाब उतरवून घेते आणि वाहिन्यांनी आपापल्या वस्तीत निघून जाते. एखादे चांगले सासर असावे तसे ते ठिकाण असते. सगळे व्यवस्थित चालले असेल तर त्याच्याविषयी कोणी बोलत नाही.

ही सामग्री विकत घ्यायची म्हणजे आपण पंखा किंवा इस्त्री घेतो तसे नाही. वीज खात्याच्या हिशेबात उपकेंद्राचे आयुष्य साधारण २५ वर्षांचे धरतात. आज ज्याच्याकडून माल घेतला त्याच्याशी पाव शतकाची सोयरीक झाली. ह्या सोयरिकीचा खर्चही आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी येतो. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा ओळी असतात. उपकेंद्रासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज, यंत्रांचा घसारा आणि भांडवलावरचा परतावा हे सारे विद्युत नियामक आयोगापुढे मांडलेल्या हिशेबांतून झिरपत झिरपत त्या ओळींत उतरते. महागात घेतलेल्या ब्रेकरचे पैसे कोणीतरी दूरचा देतो अशी आपली समजूत असेल तर ती सोडून द्यावी.

मग हा माल एकाच दुकानातून घ्यावा की चार दुकाने हिंडावीत?

मिक्सरचे भांडे

घरातलाच दाखला घेऊ. मिक्सरचे भांडे फुटले की गृहिणी बाजारात जाते आणि तिला कळते की ह्या कंपनीच्या मिक्सरवर त्या कंपनीचे भांडे बसत नाही. यंत्र घेताना तिने चार दुकानांत घासाघीस केली होती, शेपन्नास रुपये उतरवूनही घेतले होते. पण भांडे घेताना घासाघीस संपलेली असते. दुकानदाराला ठाऊक असते की बाई परत आपल्याकडेच येणार.

उपकेंद्राचेही पुष्कळसे असेच आहे. जागेच्या टंचाईमुळे शहरांत आता वायुरोधित उपकेंद्रे बांधतात. ब्रेकर, पट्ट्या, स्विच सगळे धातूच्या नळकांड्यांत बंद आणि आत वायू भरलेला. उघड्या मैदानाचे काम एका सभागृहाएवढ्या जागेत भागते. पण दहा वर्षांनी वस्ती वाढली आणि दोन वाहिन्या नव्या जोडायच्या म्हटल्या, तर एका कारखान्याच्या नळकांड्याला दुसऱ्या कारखान्याचे नळकांडे सरळ जोडता येत नाही. मध्ये खास घडवलेला सांधा लागतो, आणि तो घडवायला पहिल्या कारखानदाराने आपली मोजमापे द्यावी लागतात. ती त्याने का द्यावी?

रिलेचीही हीच रड होती. प्रत्येक कंपनीचा रिले आपापल्या भाषेत बोलायचा. एका खोलीत तिघांचे रिले बसवले तर तीन अनोळखी पाहुण्यांना एका खोलीत कोंडल्यासारखे व्हायचे. म्हणून अभियंते म्हणत, सगळे एकाकडूनच घ्या आणि मोकळे व्हा. पुढे २००३ च्या सुमारास आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने ६१८५० क्रमांकाचे मानक काढले, त्याचा मुख्य उद्देशच हा की कोणत्याही घराण्याच्या रिलेला दुसऱ्याचे बोलणे कळावे. त्याने बरीच सोय झाली. अर्थात प्रमाणभाषा ठरली तरी बोली जातात थोड्याच! रिलेची आतली मांडणी बदलायची तर ज्याचे त्याचे साधनच अजून लागते.

एकाच दुकानाची बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती लबाडीची नाही. आषाढातल्या रात्री दोन वाजता ब्रेकर बिघडतो. वसईचा पाऊस ज्याने पाहिला आहे त्याला ती रात्र डोळ्यांपुढे आणायला सांगायला नको. अशा वेळी कोठारात सुटा भाग एकाच बनावटीचा असेल तर तो धावत आणून बसवता येतो. पाच बनावटींचे पाच भाग ठेवायचे तर कोठार पाचपट आणि शिकवण पाचपट. केंद्र सरकारच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत एकाच विक्रेत्याकडून खरेदी करण्याला तीन वेळा मुभा दिली आहे: माल बनवणारा एकच असेल तेव्हा, तातडी असेल तेव्हा, आणि आधीच्या यंत्रांशी जुळणारेच सुटे भाग हवे असतील तेव्हा. तिसऱ्या मुभेची मौज पाहा. पहिली खरेदी ज्याच्याकडून झाली त्याच्यासाठी पुढच्या सगळ्या खरेद्यांचे दार ती कायद्यानेच उघडे ठेवते. मिक्सरचे भांडे आले की नाही?

चंद्राच्या कलांनी ठरणारे भाव

तर मग निविदा मागवाव्यात, लिफाफे सीलबंद ठेवावेत, जो स्वस्त त्याचा माल घ्यावा, म्हणजे प्रश्न मिटला, असे आपल्याला वाटते. ह्या समजुतीला सर्वांत मोठा तडा गेला तो अमेरिकेत, आणि तोही नेमका उपकेंद्राच्याच सामग्रीवरून.

अमेरिकेत कित्येक शहरांची वीज नगरपालिकेच्या मालकीची असते. ही शहरे आणि टेनेसी खोऱ्याचे सरकारी प्राधिकरण रोहित्रे, ब्रेकर, मीटर यांसाठी सीलबंद निविदा मागवीत. लिफाफे उघडले की निरनिराळ्या कंपन्यांचे भाव अगदी सेंटपर्यंत सारखे निघत. परीक्षेत पाच मुलांच्या उत्तरपत्रिकांत एकच चूक एकाच जागी आढळली तर आम्ही मास्तर लोक जे समजतो तेच शेवटी टेनेसीच्या अधिकाऱ्यांनी समजून घेतले. १९५९ मध्ये त्यांनी ही गोष्ट चव्हाट्यावर आणली. त्याच वर्षी एका प्रचंड टर्बाइनसाठी त्यांनी इंग्लंडच्या पार्सन्स कंपनीकडे मागणी नोंदवली, कारण तिचा भाव देशी कंपन्यांच्या भावापेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी होता.

चौकशीत जे बाहेर आले ते एखाद्या रहस्यकथेत शोभेल. कंपन्यांचे अधिकारी हॉटेलांतून गुपचूप भेटत. भेटीला ‘गायनवृंदाची तालीम’ म्हणायचे आणि हजर असणाऱ्यांच्या यादीला ‘नाताळच्या भेटकार्डांची यादी’. स्विचगिअरच्या निविदांसाठी तर त्यांनी ‘चंद्रकला’ नावाची पद्धत बसवली होती. ठरावीक दिवसांनी पाळी बदलायची; आज कोणाचा भाव सर्वांत कमी असायचा आणि बाकीच्यांनी किती वर राहायचे, हे तक्ता पाहून कळायचे. आपल्याकडे एकादशी-चतुर्थी पंचांगात पाहतात, तसे ते लोक निविदा पाहत! लिफाफे चार, सील चार, पण दुकान एकच.

१९६१ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाच्या न्यायालयाने २९ कंपन्यांना दंड केला आणि सात बड्या अधिकाऱ्यांना ३० दिवसांसाठी प्रत्यक्ष तुरुंगात धाडले. टाय लावून कचेरीत बसणारी, रविवारी नेमाने चर्चला जाणारी ही माणसे. अमेरिकेला तो मोठाच धक्का होता.

ती रीत त्या पिढीबरोबर संपली असेही नाही. २००७ च्या जानेवारीत युरोपीय आयोगाने अकरा कंपनीसमूहांना मिळून ७५ कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला. आरोप असा की १९८८ पासून २००४ पर्यंत त्यांनी आपसांत बाजार वाटून घेतला होता. माल कोणता? वर सांगितलेला तोच, वायुरोधित उपकेंद्रांचा. सर्वांत मोठा दंड सीमेन्सला झाला. एबीबीने आधीच जाऊन सगळे सांगितले म्हणून तिला पूर्ण माफी मिळाली.

फिलाडेल्फियाच्या खटल्यातल्या कंपन्यांत सर्वांत मोठे नाव होते जनरल इलेक्ट्रिक. हे नाव ध्यानात ठेवा. कारण जेव्हा तिकडे हा खटला गाजत होता, त्याच सुमारास आपल्या घराजवळ एका फार मोठ्या खरेदीचे लिफाफे उघडले जात होते.

तारापूर

विरारहून डहाणूची गाडी धरली की तासाभरात बोईसर येते. तेथून पश्चिमेला, समुद्राच्या काठी तारापूरचे अणुवीज केंद्र आहे. आता हे अंगणातले उपकेंद्र नव्हे, हे खरे. पण एका विक्रेत्याशी बांधले जाणे म्हणजे काय, ह्याचा इतका सविस्तर धडा दुसरीकडे कुठे मिळणार नाही, आणि तो आपल्याच पालघर जिल्ह्यात आहे.

सुरुवात निर्मळ होती. १९६० च्या ऑक्टोबरात भारत सरकारने जगभरातून निविदा मागवल्या. डॉ. होमी भाभा यांच्या देखरेखीखाली त्यांची छाननी झाली आणि जनरल इलेक्ट्रिकची निवड झाली. १९६४ च्या मे महिन्यात करार झाला तो असा की कंपनीने केंद्र बांधून, चालवून दाखवून, किल्ली आपल्या हातात द्यायची. बांधकामात बेक्टेल ही अमेरिकन कंपनी तिच्या जोडीला होती. अमेरिकन सरकारने सुमारे आठ कोटी डॉलर कर्ज दिले. मुदत ४० वर्षे आणि व्याज शेकडा पाऊण! असे कर्ज आपल्याला घरासाठी मिळते तर वसईत एकही माणूस भाड्याने राहिला नसता. २१० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्या उभ्या राहिल्या आणि २८ ऑक्टोबर १९६९ पासून महाराष्ट्राला आणि गुजरातला तारापूरची वीज रीतसर मिळू लागली. भाभांना मात्र ते पाहायला मिळाले नाही. १९६६ च्या जानेवारीत त्यांचे विमान आल्प्समध्ये कोसळले होते.

येथपर्यंत सगळे शहाण्या गिऱ्हाइकासारखे झाले. गाठ होती ती दुसऱ्याच कागदात. निसर्गात सापडणाऱ्या युरेनियममध्ये उपयोगी अंश शेकडा पाऊणही नसतो. जनरल इलेक्ट्रिकच्या ह्या भट्टीला तो अडीच टक्क्यांच्या आसपास वाढवलेला, म्हणजे ‘समृद्ध’ युरेनियम लागतो. तसा तो करण्याची सोय आपल्याकडे नव्हती. म्हणून १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात तीस वर्षांचा करार झाला. अमेरिकेने तारापूरला लागेल तेवढे इंधन विकावे, आणि भारताने तारापूरच्या भट्ट्यांत अमेरिकेने दिलेल्याखेरीज दुसरे इंधन घालू नये. निविदा निघाली होती ती भट्टीची. इंधनाची निघाली नाही, निघण्याजोगी परिस्थितीही नव्हती.

भाभांनी हे का मान्य केले? त्यांची मुख्य योजना नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्ट्यांचीच होती, हे सर्वश्रुत आहे. पण अणूपासून परवडणाऱ्या भावात वीज होते हे लवकर दाखवून द्यायचे होते, आपल्या तरुण अभियंत्यांचे हात त्या कामावर बसवायचे होते, आणि अमेरिकेचा भाव व कर्जाच्या अटी मोहात पाडणाऱ्या होत्या. त्या वेळी त्यांच्या जागी बसलेल्या दुसऱ्या कोणी वेगळे केले असते असे मला वाटत नाही. तीस वर्षांत गिऱ्हाईक आणि दुकानदार यांचे भांडण होईल ही शंका लग्नाच्या मांडवात कोणी बोलून दाखवीत नाही.

भांडण झाले. १८ मे १९७४ रोजी पोखरणला भारताने अणुस्फोट केला. त्यात तारापूरच्या इंधनाचा कणही नव्हता. पण दुकानदाराची मर्जी गेली ती गेलीच. १९७८ मध्ये अमेरिकेने नवा कायदा केला. जो देश आपली सगळी अणुकेंद्रे आंतरराष्ट्रीय तपासणीला खुली करणार नाही त्याला इंधन द्यायचे नाही, आणि ही अट जुन्या करारांनाही लागू. भारताचे म्हणणे, १९६३ चा करार हा करार आहे, घरातला कायदा बदलून तो मोडता येत नाही. अमेरिकेचे म्हणणे, आमच्या संसदेने केलेला कायदा आम्हांला मोडता येत नाही. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते, आणि भट्टीतले इंधन संपत चालले होते.

१९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी अडकून पडलेले ३८ टन इंधन सोडायचे ठरवले. तिथल्या अणुनियामक आयोगाने नकार दिला, प्रतिनिधिगृहाने विरोधात मत दिले, आणि २४ सप्टेंबरला प्रश्न सिनेटपुढे आला. मते पडली ४८ विरुद्ध ४६. दोन मतांनी तारापूर तरले. त्या संध्याकाळी पालघर-डहाणूच्या घरांत दिवे लावणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल की आपल्या विजेवर समुद्रापलीकडे, आपण ज्यांना कधी पाहिले नाही अशा ९४ माणसांनी हात वर केले आहेत?

एवढे करूनही पुरवठा सुरळीत झाला नाही. शेवटी १९८२ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या तेव्हा रीगन यांच्याशी तोडगा निघाला: करार कायम, पण अमेरिकेऐवजी इंधन फ्रान्स देईल. दुकानदाराने म्हणावे, उधारीची वही माझीच राहील, माल मात्र शेजारच्याकडून न्या, तसलाच हा प्रकार. १९९३ मध्ये तीस वर्षे संपली तेव्हा फ्रान्सनेही हात आखडता घेतला. मग १९९५ मध्ये चीनकडून आणि २००१ मध्ये रशियाकडून इंधन आले. मधल्या काळात आपल्या शास्त्रज्ञांनी प्लुटोनियम मिसळलेले इंधन तयार करून तारापूरच्या भट्टीत काही प्रमाणात चालवून दाखवले, ती गरजेने शिकवलेली विद्या. सुट्या भागांचीही हीच कथा. मागवून मिळत नाहीत म्हटल्यावर कित्येक भाग इथेच घडवले गेले. वाफ तयार करणाऱ्या पात्रांच्या नळ्या गळू लागल्या, तेव्हा भट्ट्यांची ताकदच २१० वरून १६० मेगावॉटवर आणावी लागली.

ह्या कथेतला मला सर्वांत बोचणारा भाग जळून गेलेल्या इंधनाचा आहे. त्यातून प्लुटोनियम निघते, आणि भारताला ते काढून घ्यायचे होते. पण करारात अशी मेख होती की त्या प्रक्रियेची सुरक्षितता दोन्ही देशांनी मिळून मान्य करायची. अमेरिका ते मान्य करीना, आणि जळके इंधन परतही नेईना. वाण्याने रिकामे डबे परत घेऊ नयेत आणि भंगारवाल्यालाही विकू देऊ नयेत, असे झाले. ते इंधन वर्षानुवर्षे तारापूरच्या आवारातच साठत राहिले.

तरीही तारापूरची खरेदी फसली असे म्हणणारा मी नव्हे. त्या दोन भट्ट्यांनी पन्नास वर्षे वीज दिली आणि ती स्वस्त दिली. २०२० मध्ये मोठ्या दुरुस्तीसाठी थांबेपर्यंत त्या चालल्या. पण त्यांच्या शेजारी पुढे जी दोन केंद्रे झाली, ५४० मेगावॉटची, २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेली, ती नैसर्गिक युरेनियमवर चालणारी आणि इथेच आखलेली आहेत. (त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. त्या गावकऱ्यांनी दिलेली किंमत कोणत्याच निविदेत नव्हती.) राजस्थानच्या केंद्रात १९७४ नंतर कॅनडाने असेच अंग काढून घेतले होते, आणि तिथली दुसरी भट्टी आपल्या लोकांनी स्वतः पुरी करून १९८१ मध्ये चालू केली. तारापूरच्या धड्याची उजळणी दोन ठिकाणी झाली.

दाभोळ

ह्याच्या अगदी उलट दाभोळ. त्याची आठवण वाचकांना ताजी असेल, म्हणून थोडक्यात सांगतो. इथे निविदाच नव्हती. १९९२ च्या जूनमध्ये एन्रॉनचे लोक महाराष्ट्रात आले आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला राज्य वीज मंडळाशी सामंजस्य करारावर सह्या झाल्या. लग्नाचे कार्यालय ठरवायलासुद्धा आपल्याला ह्याहून जास्त दिवस लागतात. दाभोळ पॉवर कंपनीत ८० टक्के वाटा एन्रॉनचा, आणि दहा-दहा टक्के कोणाचे? जनरल इलेक्ट्रिकचे आणि बेक्टेलचे. तारापूरची जोडगोळी! ज्याने यंत्रे विकायची आणि ज्याने बांधकाम करायचे तेच कंपनीचे भागीदार. मग यंत्रे महाग पडली तर तक्रार कोण करणार?

१९९३ च्या डिसेंबरात वीजखरेदीचा वीस वर्षांचा करार झाला. जागतिक बँकेने त्याआधीच प्रकल्प परवडणारा नाही असे कळवले होते. पुण्याच्या ‘प्रयास’ गटाच्या गिरीश संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कराराचे आकडे सोडवून दाखवले, हे काम किती किचकट होते ते करार चाळणाऱ्यालाच कळेल. वीज घ्या न घ्या, भट्टी तयार असेल तर स्थिर आकार द्यायचा, आणि त्यातला मोठा भाग डॉलरच्या भावाशी बांधलेला. १९९५ च्या ऑगस्टमध्ये मनोहर जोशी सरकारने करार रद्द केला. त्यात स्पर्धात्मक निविदा नसणे हा एक मुख्य आक्षेप होता. मग वाटाघाटी होऊन काही महिन्यांत तो पुन्हा उभा राहिला, तोही त्याच विक्रेत्याशी. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा सुरू झाला. दोनच वर्षांनी, २००१ च्या मे महिन्यात, वीज मंडळाने हात टेकले आणि वीज घेणे थांबवले. त्या डिसेंबरात तर एन्रॉनच दिवाळ्यात निघाली. केंद्र अनेक वर्षे बंद राहिले, आणि त्याच दशकात वसईपासून विदर्भापर्यंत आपण ‘भारनियमन’ हा शब्द शिकलो. (लोक आपले ‘लोडशेडिंग’च म्हणत राहिले.) २००५ मध्ये रत्नागिरी गॅस आणि वीज कंपनी स्थापन करून सरकारी कंपन्यांनी ते ताब्यात घेतले.

२००३ च्या वीज कायद्यात, पारदर्शक स्पर्धेतून ठरलेला वीजदर आयोगाने मान्य करावा असे कलम आले, त्यामागे दाभोळचे चटके होतेच. त्याच कायद्याच्या परिणामी २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन झाले. महावितरण आली, महापारेषण आली, आणि खरेदीचे अधिकार वेगवेगळ्या कचेऱ्यांत गेले.

नमुन्यातली एक ओळ

परत त्या कुंपणापाशी येऊ. उपकेंद्राची निविदा वाचायला कोणी बसत नाही. शेकडो पाने, आणि भाषा अशी की आमच्या एम.ए.च्या वर्गाला अर्थ विचारला तर वर्ग ओस पडेल. पण तारापूर आणि दाभोळ पाहिल्यावर त्यात शोधायच्या जागा ठाऊक होतात. यंत्राची किंमत पहिल्याच पानावर ठळक असते, ती सगळे पाहतात. सुटे भाग किती वर्षे मिळतील आणि कोणत्या भावाने? विस्तार करताना दुसऱ्याचे यंत्र जोडता यावे म्हणून मोजमापे आणि नकाशे मंडळाच्या मालकीचे होणार की विक्रेत्याकडेच राहणार? रिलेची मांडणी बदलण्याची विद्या आणि तिची परवलीची अक्षरे कोणाच्या हाती? माल ठरावीक मानकाप्रमाणे मागितला आहे, की एखाद्याच कंपनीच्या पुस्तिकेतले वर्णन उतरवून घेतले आहे? ही शेवटची युक्ती फार जुनी आहे. वधू आधी ठरवून मग जाहिरातीत तिच्या डोळ्यांचा रंग, उंची आणि गावाचे नाव घालायचे. अर्ज कितीही येवोत!

आणि खरेदी एकाकडूनच करायची असेल तर केंद्राच्या नियमांत त्यासाठी एक छापील नमुना आहे. त्यात अधिकाऱ्याने लिहून द्यायचे असते की हा माल अमुक कंपनीच बनवते, दुसरी कोणतीही बनावट पुढील कारणांमुळे चालणार नाही, आणि ह्याला वित्त शाखेची संमती व वरिष्ठांची मंजुरी आहे. राज्याच्या आणि महामंडळांच्या नियमांचे शब्द थोडे वेगळे असतील, पण कारण लेखी द्यावे लागते. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांचे तिकीट लावून ते कारण कोणालाही मागता येते. व्यापारी गुपित म्हणून काही कागद नाकारले जाऊ शकतात. तशी सवलत त्या कायद्याच्या आठव्या कलमात आहे, आणि व्यापक लोकहित असेल तर ती बाजूला ठेवण्याचीही सोय त्याच कलमात आहे. वीजदर वाढवायचा अर्ज आला की नियामक आयोग जनसुनावणी ठेवतो, हरकती मागवतो, आणि तारीख वर्तमानपत्रांत येते. ती बहुधा आतल्या पानावर, एका कोपऱ्यात, अगदी बारीक अक्षरांत असते.